६० घ्यावी की १००? आधी वीत लावून बघा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काटोलजवळ वडिलांची संत्र्याची बाग आहे, तुम्ही राहता नागपुरात, सुटीच्या दिवशी बागेत जाता. हातात कॅनन २००डी मार्क २ आणि त्यासोबत १८-५५ व ५५-२५० एसटीएम या दोन लेन्स. नवतीवरची (कोवळ्या पालवीवरची) कीड, अळ्या, फुलपाखरं, कोळी जवळून टिपायचे आहेत. अधूनमधून मावसबहिणीच्या दागिन्यांचे फोटोही काढून द्यायचे आहेत. बजेट चाळीस हजार. दुकानदार म्हणतो ६० मिमी मॅक्रो (अगदी जवळून मोठं टिपणारी लेन्स) घ्या, मैत्रीण म्हणते १०० मिमीच घे, आणि तिसरा सांगतो की लेन्सची गरजच नाही, रिंगा लावा. आता कोणाचं ऐकायचं?

मी अठरा वर्षं इतवारीच्या सराफ्यातल्या दुकानांसाठी दागिन्यांचे फोटो काढतो आहे आणि सुटी मिळाली की किड्यांच्या मागे असतो. कधी अंबाझरीच्या काठानं, कधी सेमिनरी हिल्सवर, बरेचदा कळमेश्वर-काटोलकडच्या बागांमधून. म्हणजे तुमची दोन्ही कामं माझ्या रोजच्या हाताखालची आहेत. उत्तर लांबेल, पण चाळीस हजार ही लहान रक्कम नाही.

सगळे फोकल लेंथवर, म्हणजे लेन्सच्या ६०, १०० अशा मिमीच्या आकड्यावर, वाद घालतात. किड्यांसाठी मी लेन्स निवडतो ती एका गोष्टीवर: पूर्ण मोठेपणाला, म्हणजे १:१ ला, लेन्सच्या तोंडापासून किड्यापर्यंत किती जागा उरते. तिला काम करण्याचं अंतर म्हणू. लेन्सच्या डब्यावर हा आकडा नसतो. डब्यावर असतं ते किमान फोकस अंतर, आणि ते मोजतात सेन्सरपासून. त्यात कॅमेऱ्याची जाडी आणि अख्खी लेन्स धरलेली असते. १०० मिमी मॅक्रोवर ३० सेंमी लिहिलेलं दिसलं की वाटतं फूटभर जागा आहे. प्रत्यक्षात ते ३० सेंमी सेन्सरपासून मोजलेले असतात आणि तोंडापुढे उरतात साधारण १३ ते १५ सेंमी.

आता हे वितेवर बघा. कॅननच्या ३५ मिमी मॅक्रोला १:१ वर उरतं अवघं ३ सेंमी, म्हणजे दोन बोटं. ६० मिमीला ९ सेंमीच्या आसपास, म्हणजे पाच बोटं. १०० मिमीला अर्ध्या वितेहून थोडं जास्त. १८० मिमीला वीतभराहून किंचित जास्त. तुमच्या बागेतल्या एखाद्या नवतीसमोर हाताची वीत लावून उभ्या राहा आणि दोन बोटांइतकं जवळ जाऊन बघा. किडा उडतो का, तुमची सावली त्याच्यावर पडते का, फ्लॅशचा उजेड त्याच्यापर्यंत पोचायला वाट राहते का, हे तिथेच कळेल. निम्मी निवड तर तिथल्या तिथेच होऊन जाते.

मी सुरुवातीला लहान फोकल लेंथची मॅक्रो घेतली होती, स्वस्त पडली म्हणून. दागिन्यांसाठी ती उत्तम चालली. पण पहिल्याच पावसाळ्यात सिग्नेचर स्पायडर टिपायला गेलो. हा कोळी जाळ्याच्या मधोमध पांढऱ्या नागमोडी पट्ट्या विणतो आणि पाय जोडीजोडीनं लांबवून त्यावर फुलीसारखा बसतो. लेन्स इतकी जवळ न्यावी लागली की हूडची कड जाळ्याच्या एका ताणलेल्या धाग्याला लागली. कोळ्यानं जाळं जोरजोरात हलवायला सुरुवात केली आणि पुढच्या क्षणी तो पानामागे होता. मेहनतीनं विणलेलं ते जाळं माझ्यामुळे एका बाजूनं लोंबायला लागलं, याचं मला फार वाईट वाटलं. लेन्समध्ये काही दोष नव्हता. मी ती चुकीच्या कामाला नेली होती.

म्हणून किड्यांसाठी माझं उत्तर ९० ते १०५ मिमी. पण हे उत्तर इथेच धरून दुकानात जाऊ नका, कारण तुमच्याकडे आहे त्याच सामानात अजून बरंच बाकी आहे.

१:१ म्हणजे काय ते आधी नीट पाहू. किडा प्रत्यक्षात जेवढा, तेवढीच त्याची प्रतिमा सेन्सरवर पडते. तुमचा सेन्सर २२.३ मिमी रुंद आहे. म्हणजे १:१ वर चौकटीत आडवं मावतं ते २२.३ मिमी. लाइम बटरफ्लाय, तेच लिंबू-संत्र्याच्या झाडांभोवती फिरणारं काळं-पिवळं फुलपाखरू, पंख पसरून ८-१० सेंमी असतं. त्याला चौकटीत बसवायला पाव पटीच्या आसपासचा मोठेपणा पुरतो! त्याची पूर्ण वाढलेली हिरवी अळी साडेतीन-चार सेंमीची, तिला अर्धी पट पुरते. आणि सिट्रस सायला, म्हणजे नवतीचा रस शोषणारा बारीक किडा, जेमतेम ३-४ मिमीचा. तो १:१ वर चौकटीच्या रुंदीचा सातवा भाग व्यापतो. तुमच्या कॅमेऱ्यात आडवे ६००० पिक्सेल आहेत, म्हणजे ३ मिमीचा सायला सुमारे ८०० पिक्सेलचा येईल. कापून घेतला तर ओळखण्यापुरता चांगला दिसतो, पण भिंतीवर मोठा लावण्याजोगा नाही. काळ्या माशीची अंडी तर त्याहून बारीक. कोवळ्या पानाच्या खालच्या बाजूला ती चकलीसारखी गोल गोल मांडलेली असतात, आणि पुढे त्याच माशीच्या चिकट स्रावावर काळी बुरशी वाढून कोळशी येते, हे तुमच्या वडिलांना मी सांगायची गरज नाही. ती चकली चौकटभर हवी असेल तर दुप्पट किंवा त्याहून जास्त मोठेपणा लागेल.

म्हणजे तुमच्या यादीतल्या फुलपाखरांना मॅक्रो लेन्स लागतच नाही. ५५-२५० एसटीएम ८५ सेंमीवरून ०.२९ पट देते. फुलपाखरासाठी ती आजच पुरेशी आहे, आणि पावणेतीन फुटांवरून काढल्यामुळे ते उडतही नाही. अळ्या आणि कोळी यांच्यासाठी अर्धी ते एक पट. सायला आणि माशीची अंडी यांच्यासाठी त्याच्या पुढची. या तिघांपैकी तुम्हाला सर्वांत जास्त काय काढायचं आहे, हे ठरवायला एक पावसाळा द्या.

तो पावसाळा कसा काढायचा, तर क्लोज-अप लेन्स लावून. रेनॉक्स या कंपनीचे डीसीआर-१५० आणि डीसीआर-२५० असे दोन भिंगं येतात, लेन्सच्या पुढच्या कडेला चिमट्यानं अडकवायची. तुमच्या ५५-२५० च्या ५८ मिमीच्या कडेवर ती बसतात. यांची शक्ती डायॉप्टरमध्ये असते, चष्म्याच्या नंबरासारखी: १५० ची ४.८, २५० ची ८. हजाराला त्या आकड्यानं भागलं की भिंगाची फोकल लेंथ मिमीमध्ये मिळते. ४.८ ला २०८ मिमी, ८ ला १२५ मिमी. मुख्य लेन्स अनंतावर ठेवली तर किडा साधारण तेवढ्याच अंतरावर धरावा लागतो, आणि मोठेपणा म्हणजे मुख्य लेन्सची फोकल लेंथ भागिले भिंगाची फोकल लेंथ. २५० भागिले २०८, म्हणजे १.२ पट, तेही जवळजवळ वीतभर अंतरावरून! १८० मिमीची महागडी मॅक्रो जेवढी जागा देते त्याच्या जवळपास. डीसीआर-२५० लावली तर दोन पट, पण अंतर येतं १२ सेंमीच्या आसपास. उजेड घटत नाही, ऑटोफोकस चालू राहतो, लेन्सचं स्थिरीकरण (हाताचा कंप थोपवणारी सोय) चालू राहतं. खर्च मॅक्रो लेन्सच्या मानानं फार थोडा.

यात उणीव काय? भिंग लावलं की दूरचं काहीच दिसत नाही. फोकस फक्त एका अरुंद पट्ट्यात होतो, झूम बदलला की मोठेपणा बदलतो. फुलपाखरावरून मुंगीवर आणि मुंगीवरून पुन्हा फुलपाखरावर जायचं तर भिंग काढ-घाल करावं लागतं. चौकटीच्या कोपऱ्यांत थोडा मऊपणा येतो. किडा मधोमध असतो तेव्हा त्याचा त्रास होत नाही. पहिलं भिंग घेताना १५० घ्या, २५० नको. पहिल्याच आठवड्यात दोन पटीवर गेलेली माणसं कंटाळून सोडून देतात, कारण त्या मोठेपणाला श्वास घेतला तरी किडा चौकटीबाहेर जातो.

रिंगांचं म्हणाल तर तिसऱ्या माणसाचं म्हणणं चूक नाही, पण तुमच्या लेन्सना ते लागू होत नाही. रिंग ही नुसती पोकळ नळी, तिच्यात काच नसते. ती लेन्सला सेन्सरपासून दूर सारते. वाढणारा मोठेपणा म्हणजे रिंगेची जाडी भागिले लेन्सची फोकल लेंथ. ५० मिमी लेन्सला २५ मिमीची रिंग लावली तर अर्धी पट वाढते. २५० मिमीला तीच रिंग लावली तर वाढते एक दशांश पट, आणि उजेड मात्र कमी होतो. १८-५५ ला लावली तर किडा लेन्सच्या फारच जवळ येतो. रिंगांचा खरा उपयोग पुढे, १०० मिमी मॅक्रो घेतल्यावर. १२, २० आणि ३६ मिमीचा संच मिळतो, एकूण ६८ मिमी. तो लावून १०० मिमी मॅक्रो पावणेदोन पटीच्या आसपास जाते. घ्याल तेव्हा विजेचे संपर्कबिंदू असलेल्याच रिंगा घ्या, नाहीतर अॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं छिद्र; एफचा आकडा जितका मोठा तितकं ते लहान) कॅमेऱ्यातून बदलता येणार नाही.

लेन्स उलटी लावायचा प्रकार मी मुद्दामच सोडतो आहे. घरात करायला छान आहे, पण वावरात मागची उघडी काच आणि धूळ यांचा संग मला सहन होत नाही.

आता खोली, म्हणजे फोटोत पुढून मागे किती भाग स्पष्ट येतो ते. यावरून इतका गैरसमज आहे की मी दरवेळी वेळ काढून हे सांगतो. "१०० मिमीला खोली कमी मिळते, म्हणून ६० बरी" असं तुमच्या दुकानदारानं सांगितलं. ते बरोबर नाही. किडा चौकटीत तेवढाच मोठा ठेवला आणि अॅपर्चर तेच ठेवलं, तर या अंतरावर खोली ६० ला आणि १०० ला सारखीच येते. खोली ठरते मोठेपणावर आणि अॅपर्चरवर. तुमच्या सेन्सरवर १:१ ला एफ/८ ठेवलं तर साधारण ०.६ मिमी. एफ/११ ला ०.९ मिमीच्या जवळ. अर्ध्या पटीला एफ/८ वर जवळजवळ २ मिमी. दोन पटीला एफ/८ वर पाव मिमी. डोळा स्पष्ट आला तर पाय येत नाहीत, ते याच्यामुळे, आणि कितीही महाग लेन्स घेतली तरी हे बदलत नाही. बदलते ती मागची पार्श्वभूमी. १०० मिमीला मागचा कोन अरुंद असतो, त्यामुळे मागची फांदी, ठिबकची नळी, पलीकडचं कुंपण बाहेर राहतं आणि हिरवा सपाट रंग मिळतो. ६० ला ते सगळं आत येतं.

मग एफ/२२ का ठेवू नये? कारण १:१ वर कॅमेऱ्यात दिसणारा आकडा आणि सेन्सरला प्रत्यक्ष मिळणारं अॅपर्चर यांत जवळजवळ दुपटीचा फरक पडतो. एफ/१६ म्हणजे प्रत्यक्षात एफ/३२ सारखं. इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि सगळंच चित्र मऊ होतं. कॅनन हा फरक दाखवत नाही, निकॉनचा कॅमेरा दाखवतो, म्हणून निकॉनवाल्यांना जवळ गेल्यावर एफ/२.८ मिळेनासं झाल्यासारखं वाटतं. मी १:१ वर एफ/८ ते एफ/११ यांच्या बाहेर सहसा जात नाही.

आणि इथून उजेडाचा प्रश्न सुरू होतो. १:१ वर दोन स्टॉप उजेड (दर स्टॉपला उजेड निम्मा होतो) लेन्समध्येच जातो, वर एफ/११. पावसाळ्यातल्या ढगाळ सकाळी झाडाच्या आत हातातून फोटो काढणं मग शक्यच नसतं. म्हणून चाळीस हजारांतला एक वाटा फ्लॅशसाठी आधीच बाजूला काढा. मी लोकांच्या बॅगा बघतो: लेन्स उत्तम, फ्लॅश नाही, आणि फोटो हललेले. साधी लेन्स आणि चांगला पसरवलेला फ्लॅश यांनी काढलेला फोटो, महागडी लेन्स आणि उघडं ऊन यांच्या फोटोपेक्षा दरवेळी सरस असतो. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन तर विचारूच नका. ढालकिड्याच्या चकचकीत पाठीवर पांढरा डाग आणि पोटाखाली काळोख, मधलं काही उरतच नाही.

फ्लॅश घेताना एक गोष्ट तुमच्या कॅमेऱ्यापुरती पक्की लक्षात ठेवा. २००डी मार्क २ च्या फ्लॅश बसवायच्या खाचेत मधला गोल संपर्कबिंदू कॅननने ठेवलेला नाही. त्यामुळे एकाच पिनेवर चालणारे स्वस्त मॅन्युअल फ्लॅश त्यावर पेटतच नाहीत. कॅननसाठीचा ई-टीटीएल (कॅमेऱ्याशी जुळवून आपोआप उजेड ठरवणारा) फ्लॅश हवा. दुकानात आपल्याच कॅमेऱ्यावर लावून, दोन-चारदा पेटवून बघूनच पैसे द्या.

फ्लॅशचा उजेड पसरवायला मी वर्षानुवर्षं तेच वापरतो: नव्या लॅपटॉपच्या किंवा टीव्हीच्या खोक्यात येणारा पातळ पांढरा फोम. त्याचे दोन थर, वाकवून लेन्सच्या तोंडावर छपरासारखे, खालची कड किड्याच्या शक्य तितकी जवळ. किड्याच्या बाजूनं बघा. त्याच्या डोक्यावर उजेडाचं आभाळ किती मोठं आहे? ते जेवढं मोठं आणि जेवढं जवळ, तेवढा उजेड मऊ. पुन्हा काम करण्याच्या अंतराकडे या: ६० ला त्या पाच बोटांत फोम घालायला जागा उरत नाही, १०० ला उरते. १८० ला फोम किड्यापासून लांब जातो आणि पुन्हा उजेड कडक होतो. म्हणून मी ९० ते १०५ वर येऊन थांबलो. सुरुवात मॅन्युअलवर, १/२००, एफ/११, आयएसओ २०० अशी करा आणि फ्लॅशची शक्ती बघून कमीजास्त करा. कमी शक्तीवर फ्लॅश इतका थोडा वेळ पेटतो की हाताचा कंप त्यात गोठतो.

याच कारणानं लेन्समधल्या स्थिरीकरणासाठी खूप जास्त पैसे मोजू नका. कॅननच्या १०० मिमी एल मॅक्रोला (२००९ ची) साध्या अंतरावर चार स्टॉपचा फायदा सांगितलेला आहे, १:१ वर तोच दोन स्टॉपवर येतो. शिवाय तो तुमच्या हाताचा कंप थोपवतो, वाऱ्यानं हलणाऱ्या पानाचा नाही. फ्लॅश असेल तर स्थिरीकरणाचा उपयोग मुख्यतः चौकट डोळ्यांसमोर शांत राहण्यापुरता. तोही सुखाचा आहे, पण त्यासाठी फ्लॅशचे पैसे खर्चू नयेत.

हात कसा धरायचा हे शब्दांत सांगायचा प्रयत्न करतो. डाव्या हाताच्या अंगठ्यानं आणि तर्जनीनं फांदी किंवा पानाचा देठ हलकेच धरा. त्याच हाताच्या तळव्याच्या कडेवर लेन्सचं तोंड टेकवा. आता पान आणि लेन्स एकाच हातावर आहेत, वारा आला तर दोन्ही एकत्र हलतात. ऑटोफोकस बंद. हवा तो मोठेपणा लेन्सवर आधीच ठरवून ठेवा आणि अंग किंचित पुढे-मागे झुलवून डोळ्यावर फोकस आला की बटण दाबा. ६० ला या रीतीत तळवाच किड्यावर येतो. पानाखालचं काढताना तुमच्या कॅमेऱ्याचा वळणारा पडदा उघडा, गुडघे वाचतात.

मागच्या जुलैत एका बागेच्या धुऱ्यावर जंबेरीचं झाड होतं, त्यावर लाइम बटरफ्लायच्या अळ्या. लहान वयात ही अळी काळपट-पांढरी, अगदी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, पुढे कात टाकून हिरवी होते. मी देठ धरल्यावर हिरवीनं मान मागे टाकली आणि डोक्यामागून शेंदरी रंगाची ओली दुबेळकी बाहेर काढली. आंबूस, उग्र वास आला. दोन-तीन सेकंदात ती आत गेली. अर्ध्या पटीवर होतो म्हणून पूर्ण अळी आणि ती दुबेळकी दोन्ही चौकटीत आली. १:१ वर असतो तर नुसतं डोकं मिळालं असतं. एकदा मिळाला तो फोटो पुरे, पुन्हा पुन्हा तिला डिवचू नये, तो तिचा स्वतःला वाचवायचा उपाय आहे. किडे फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करायची युक्ती कोणी सांगितली तर तीही ऐकू नका. डिसेंबरच्या पहाटे बागेत जा, थंडीनं चतुर आणि माश्या दवानं भिजून आपसूक स्तब्ध बसलेल्या असतात.

फवारणी झालेल्या बागेत लगेच शिरू नका, हेही सांगून ठेवतो. पानाजवळ नाक नेऊन बसायचं हे काम आहे. वडिलांना विचारूनच जा.

दागिन्यांसाठी ६० मिमी पुरते, यात तुमच्या दुकानदाराचं बरोबर आहे. नथ उडून जात नाही. पण तिथेही मी आता १०० च वापरतो. चकचकीत सोन्यात लेन्सचं काळं तोंड उमटतं. ठुशीचा प्रत्येक मणी म्हणजे एक गोल आरसा, आणि त्या प्रत्येकात मधोमध काळा ठिपका. लेन्स जितकी दूर तितका तो ठिपका लहान. अंतर मिळालं की बाजूंनी पांढरे कागद उभे करायलाही जागा होते. तिथे कॅमेरा तिपाईवर, एफ/८, आणि फोकस पुढून मागे थोडा थोडा सरकवत पंधरा-वीस फोटो, मग संगणकावर ते एकत्र जोडायचे. हेलिकॉन फोकस, झेरीन स्टॅकर ही त्यासाठीची सॉफ्टवेअर. किड्यांवर हे पहाटेच जमतं, ते स्तब्ध असतात तोवर.

आता नावं. तुमच्या कॅमेऱ्याला बसणाऱ्यांत कॅननची १०० मिमी यूएसएम (२००० ची, एल नसलेली), १०० मिमी एल, सिग्माची १०५ मिमी ओएस आणि टॅमरॉनची ९० मिमी. चौघींचीही तीक्ष्णता किड्यांच्या कामाला पुरून उरते, त्यावर झोप घालवू नका. फरक बघा तो बांधणीचा. टॅमरॉनची जुनी ९० (२७२ई) फोकस करताना पुढे लांब होते, फांदीत घुसते आणि तिला स्थिरीकरण नाही, पण वापरलेली बरीच स्वस्तात मिळते. बाकीच्यांची लांबी फोकस करताना बदलत नाही. तुमच्या पैशांत फ्लॅश धरून वापरलेली कॅनन १०० यूएसएम किंवा वापरलेली स्थिरीकरणवाली टॅमरॉन ९० बसवा. उद्या कॅननचा मिररलेस घेतला तरी या लेन्स अॅडॉप्टरवर चालतात, पैसे वाया जात नाहीत. ७०-३०० सारख्या झूमवर 'मॅक्रो' लिहिलेलं असतं त्याला भुलू नका. त्यातली बरीचशी पाव ते अर्ध्या पटीपर्यंतच जातात. निकॉनवर 'मायक्रो' लिहिलेलं दिसेल, ती मॅक्रोच असते, पण तुमच्या कॅमेऱ्याला बसणार नाही.

वापरलेली लेन्स बर्डीत (सीताबर्डीच्या बाजारात) घ्या की कुणाच्या घरून, बघायची पद्धत एकच. मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेतून तिरपा टाकून पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी, सरळ परत करा. धुळीचे चार कण चालतात. एफ/११ वर ठेवून डेप्थ प्रिव्ह्यू (छिद्र ठरवलेल्या आकड्याइतकं मिटवून दाखवणारी सोय) चालू करा आणि छिद्राची पाती बघा, त्यांवर तेलकट चकाकी नको. मग १:१ पर्यंत नेऊन पट्टीचे मिलिमीटर टिपा: आडव्या चौकटीत २२ च्या जवळपास मावले पाहिजेत. ऑटोफोकस जवळून लांबपर्यंत दोनदा फिरवा, अडखळला किंवा किरकिरला तर नको.

आपल्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की बुरशीची आठवण राहत नाही, आणि जुलैत कपाटातली लेन्स काढली की धागे दिसतात. कापडी पिशवीत ठेवू नका. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा मोठा डबा घ्या, त्यात रंग बदलणारं सिलिका जेल टाका, रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परतून कोरडं करा आणि गार झाल्यावरच परत डब्यात टाका. बागेतून ओल्यात आलात तर कॅमेरा लगेच डब्यात कोंबू नका, तासभर पंख्याखाली राहू द्या.

आधी डीसीआर-१५० आणि फ्लॅश घ्या, ५५-२५० वर लावा आणि मृगाचा पाऊस पडल्यावर धुऱ्यावर मखमलीसारखा लालभडक मृगाचा किडा निघेल, त्याच्यापासून सुरुवात करा. तो सावकाश चालतो, सरावाला त्याच्याइतकं चांगलं कोणी नाही. दिवाळीपर्यंतचे फोटो समोर ठेवून बघा. त्यात अळ्या आणि कोळी जास्त असतील तर ९० किंवा १०० घ्या. सायला आणि अंडीच जास्त असतील तर तीच लेन्स, जोडीला रिंगांचा संच. आणि सगळी फुलपाखरंच असतील, तर उरलेले पैसे तसेच ठेवा.